दोन गाळ्यांमधला पूल

मला हे काम येतं, असं मी कधीच म्हणाले नव्हते. ते पप्पांनी म्हटलं होतं, तेही त्यांच्या सेठसमोर, आणि मी तेव्हा तिथे नव्हतेसुद्धा. संध्याकाळी मोरीत हात घासता घासता त्यांनी मला सांगितलं, "बाय, सेठला बोललोय मी. आपली मुलगी कॉम्प्युटरचंच शिकते, ती करून देईल." मग माझ्याकडे बघून जरा थांबले. "देशील ना?"

मी हो म्हटलं. ते बरोबर केलं की चूक, हे पुढचे बरेच दिवस मला कळत नव्हतं.

पप्पा भाईंदर पूर्वेला एका कारखान्यात स्टीलच्या भांड्यांना पॉलिश करायचे. मोटरवर गरागरा फिरणारं कापडी चाक, त्याला लावायचा मेणासारखा मसाला, आणि त्या चाकावर दोन्ही हातांनी दाबून धरलेला टोप किंवा थाळी. भांडं आरशासारखं होऊन बाहेर येतं आणि माणूस काळा होतो. ती धूळ झटकून जात नाही, चिकटते. आई त्यांचे कपडे वेगळ्या बादलीत भिजवायची आणि वेगळ्या दोरीवर वाळत घालायची. त्यांचा खोकला आम्ही लहानपणापासून ऐकत आलो होतो, पण त्या वर्षी तो बदलला होता. जेवताना घास हातात धरून त्यांना थांबावं लागायचं. डॉक्टर म्हणाले, यांना धुळीतून बाहेर काढा. आई घरी येऊन म्हणाली, "जसं काय आपणच हौसेने ठेवलंय धुळीत."

आणि नेमकं तेव्हाच बाहेर पडायची एक वाट निघाली होती. सेठचे समोरासमोर दोन गाळे होते, मध्ये गल्ली. एका गाळ्यात ऑफिस आणि पत्रा दाबायच्या मशिनी. समोरच्या गाळ्यात खाली पॉलिश, वर पोटमाळ्यावर पॅकिंग. पोटमाळ्याच्या आतल्या बाजूला एक जुनी काचेची केबिन होती. तिथे कॉम्प्युटर ठेवायचा, माल पॅक होईल तसा तिथल्या तिथे नोंदवायचा आणि तो लगेच ऑफिसात दिसला पाहिजे, असं सेठनी ठरवलं होतं. त्यासाठी माल नजरेने ओळखणारा माणूस हवा होता. सेठ पप्पांना म्हणाले होते, "नेट वर पोचला तर तू वर बस. नववी शिकलेला आहेस, नंबर टाकायला तेवढं बस आहे." नेट वर पोचलं नाही तर कॉम्प्युटर ऑफिसातच राहणार, नोंद तिथला क्लार्क करणार आणि पप्पा चाकावरच राहणार.

वायर टाकून बघून झाली होती. दोनदा टाकली. दोन्ही वेळा काशीमीऱ्याच्या गोडाऊनला जाणाऱ्या, ताडपत्रीपर्यंत भरलेल्या टेम्पोने ती तोडून नेली. म्हणून सेठनी दोन सारखे वायरलेस राउटर आणले होते. दोन खिडक्यांत दोन ठेवायचे आणि त्यांनी गल्लीवरून आपसात बोलायचं. पुस्तकात याला ब्रिज म्हणतात. मी दुसऱ्या वर्षाला होते, आमच्या घरात कॉलेजात गेलेली पहिलीच. ब्रिजची आकृती मी परीक्षेत पट्टीने काढली होती आणि मला त्याचे पूर्ण मार्क मिळाले होते. पण खरा राउटर मी तोपर्यंत हातात घेतला नव्हता. कॉलेजच्या लॅबमध्ये तो कपाटात असायचा आणि किल्ली सरांकडे.

कारखान्याच्या साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी पप्पा मला घेऊन गेले. मोटरी बंद, गल्लीत एक कुत्रा झोपलेला. लहानपणी मी इथे डबा द्यायला यायचे, त्यामुळे जागा ओळखीची होती. त्या गाळ्याची एक रीत होती. जी वस्तू जपायची, ती टोपाखाली. जेवणाचे डबे टोपाखाली, घरी जाताना घालायचा शर्ट मोठ्या टोपाखाली, देवाच्या फोटोपुढची उदबत्तीची पुडीसुद्धा एका वाटीखाली. बाहेर काही ठेवलं की तासाभरात काळं. आणि भांड्यांना तर तिथे तोटा नव्हता. मला लहानपणी त्याची गंमत वाटायची. त्या दिवशी माझं तिकडे लक्षच नव्हतं. मी घाबरले होते.

आधी काहीच जमेना. दोन्ही राउटर चालू, दोन्हीचे दिवे लागलेले, पण एकाला दुसरा दिसेना. एकाच चॅनलवर आणले. एकाचा पत्ता दुसऱ्यात आणि दुसऱ्याचा पहिल्यात लिहिला. आता दिसायचा आणि लगेच हरवायचा. पप्पा स्टुलावर बसून होते. मला घाई वाटू नये म्हणून ते मुद्दाम दुसरीकडे बघत होते आणि त्यामुळे मला जास्तच घाई वाटत होती. दोन तासांनी मला उमगलं की दोन्ही राउटरांना ते बनवणाऱ्या कंपनीतूनच एकसारखा नंबर मिळालाय, आणि तो मी दोघांनाही तसाच ठेवलाय. आमच्या भागात एकाच नावाच्या दोन बिल्डिंगी असायच्या आणि पत्रं नेहमी चुकीच्या बिल्डिंगीत जायची, तसंच झालं होतं. मी दुसऱ्याचा नंबर बदलला. नवीन येणाऱ्या कॉम्प्युटरांना नंबर वाटण्याचं त्याचं कामही बंद करून टाकलं, म्हणजे वाटणारा एकच राहिला. मग तपासायला वर आणलेल्या कॉम्प्युटरवरून ऑफिसच्या कॉम्प्युटरला हाक मारली, म्हणजे पिंग केलं. काळ्या पडद्यावर उत्तराच्या ओळी एकामागून एक यायला लागल्या.

"आलं?" पप्पांनी विचारलं.

"आलं."

"हे एवढंच?" त्यांना पडद्यावर काहीतरी मोठं, रंगीत दिसेल असं वाटलं असावं.

"एवढंच असतं."

त्यांनी राउटरला हात जोडले. मग त्यांच्या लक्षात आलं की मी बघतेय, आणि ते हसले. वरचा राउटर मी पोटमाळ्याच्या खिडकीच्या कट्ट्यावर ठेवला, अँटेना सरळ उभी केली, तिथून केबिनपर्यंत वायर नेली आणि आम्ही घरी आलो. आईने त्या दिवशी शिरा केला. मला तो जरा लवकर केल्यासारखा वाटला होता.

दुसऱ्या दिवशी कॉलेजच्या मधल्या सुट्टीत मी गेटाबाहेरच्या लाल फोनमध्ये रुपया टाकला आणि पप्पांच्या मोबाइलवर फोन लावला. आमच्या घरात तो एकच मोबाइल होता.

"चालू आहे ना?"

मागे चाकांचा आवाज होता. पप्पा म्हणाले, "क्लार्क बोलतोय, बंद आहे. सकाळपासून एकदाच आलं आणि गेलं."

कॉलेज सुटल्यावर मी तशीच धावत गेले. पप्पा मला गल्लीत बघून माझ्याआधी वर गेले. मी अरुंद जिना चढून केबिनमध्ये बसले, हाक मारली, आणि उत्तराच्या ओळी आल्या. एकही ओळ गळली नाही. मी अर्धा तास बसले. सगळं सुरळीत.

तरी मी चॅनल बदलला. शेजारच्या एखाद्या गाळ्यात असाच राउटर असेल आणि दोघे एकमेकांच्या बोलण्यात बोलत असतील, असं मला वाटलं.

तिसऱ्या दिवशी पुन्हा तेच. दिवसभर बंद. मी गेले की चालू.

मी एक वही केली. कधी बंद झालं, कधी आलं, तेव्हा कारखान्यात काय चाललं होतं. पप्पा मला वेळा सांगायचे, मी लिहून घ्यायचे. दोन दिवसांत एक गोष्ट स्पष्ट दिसायला लागली. सकाळी नऊला मोटरी सुरू होतात आणि नऊलाच नेट जातं. कॉलेजात सरांना विचारलं. सर म्हणाले, "मोटरीच असणार. स्पार्किंग होतं, त्याचा त्रास होतो." मला इतकं बरं वाटलं. कारण सापडलं म्हणून आणि सरांनी आधी मला पूर्ण बोलू दिलं म्हणूनही. संध्याकाळी मी राउटरचा प्लग मोटरींच्या लाइनवरून काढून लांबच्या बोर्डावर नेला. मग पप्पांना सांगून सगळ्या मोटरी दहा मिनिटं बंद करायला लावल्या. पॉलिशवाले हात पुसत उभे राहिले. एक जण म्हणाला, "दहा मिनिटं? रोज करा, ताई. आमची काय ना नाही."

मोटरी बंद असताना नेट चालू होतं. मोटरी सुरू केल्या. नेट चालूच होतं.

मग वहीतल्या एका गोष्टीकडे मला बघावंच लागलं, जिच्याकडे मी बघायचं टाळत होते. मी साडेचारला येते तेव्हाही मोटरी फिरतच असतात. तरी नेट चालू असतं. म्हणजे मोटरी नाहीत.

खाली उतरले तर जिन्याशी क्लार्क उभे होते. सेठचे जुने माणूस, ऑफिसातून पोटमाळ्यावर चढायचा त्यांना कंटाळा. पप्पांना म्हणाले, "तुझी मुलगी आली की चालतं, गेली की बंद. मशीनला पण लाज वाटते काय तिची? तिलाच बसव ना खिडकीत."

दोन-तीन जण हसले. पप्पाही हसले. मी ते हसू पाहिलं. घरी जाताना आम्ही नेहमीपेक्षा हळू चाललो, कारण त्यांना दोनदा थांबून खोकावं लागलं.

पाचव्या दिवशी अजून एक गोष्ट दिसली. अँटेना सरळ नव्हती, थोडी कललेली होती. मी ती उभी केली. मोटरींच्या हादऱ्याने होत असेल. पॅकिंगला एक मावशी बसायच्या, जवळच्या मोरवा गावच्या. दिवसभर खिडकीच्या उजेडात एक-एक थाळी फिरवून बघायच्या, ओरखडा दिसला की बाजूला काढायच्या. त्यांना मी विचारलं, "मावशी, सकाळपासून इथे कोणी काही बदललं का? वायर वगैरे कोणी हलवली?"

"न्हाय गं," त्या म्हणाल्या. "कोन हात लावतंय? तुजा बापूस कोनाला जवल येऊ देत न्हाय. जशाच्या तसं हाय."

मी वहीत लिहिलं, काही बदल नाही.

सहाव्या दिवशी सेठ स्वतः बोलले. रागावले नाहीत, आणि तेच जास्त लागलं. "बेटा, तू कोशिश केली. पण माझा माल थांबतो. उद्या दुपारी बारा वाजेपर्यंत बघू, नाहीतर मशीन परत पाठवतो. कॉम्प्युटर खाली ऑफिसमध्येच आणू." पप्पा मागे उभे होते. ते म्हणाले, "हां सेठ." तेवढंच.

रात्री जेवायला बसलो. मी आईला एवढंच म्हणाले की मला यातलं खरंच काही येत नाही, नुसतं आकृत्या काढता येतात. आई म्हणाली, "मग उद्या जाऊन अजून एकदा बघ. आकृत्या काढता येतात म्हणजे डोळे तर आहेत ना." पप्पा ताटात बघून भात कालवत होते. थोड्या वेळाने म्हणाले, "नाही झालं तर नाही झालं, बाय. मी काय आज उभा राहत नाही चाकावर." मला त्यांनी रागावलेलं चाललं असतं.

दुसऱ्या दिवशी मी कॉलेजला निघाले आणि कॉलेजला गेले नाही. हे मी त्याआधी कधीही केलं नव्हतं. फी भरून लेक्चर बुडवायचं, ही आमच्या घरात कल्पनाच नव्हती. कोपऱ्यापर्यंत नेहमीच्या रस्त्याने गेले, तिथे रिक्षावाल्यांच्या मागे पाच मिनिटं उभी राहिले आणि मग वळले. घरी सांगितलं नव्हतं, पप्पांनाही नाही. ते गाळ्यावर कधीच पोचले होते.

साडेनऊ झाले होते. आधी ऑफिसात गेले. क्लार्क म्हणाले, "आज सकाळी सकाळी?" मी त्यांना विचारून त्यांच्या कॉम्प्युटरवरून पोटमाळ्याला हाक मारली. उत्तर नाही. पुन्हा, उत्तर नाही. आठवडाभरात मी पहिल्यांदाच ते बंद असताना पाहत होते. आणि विचित्र वाटेल, पण मला धीर आला. आतापर्यंत बंद असल्याचं मी फक्त ऐकलं होतं.

हाक मारण्याचं काम चालू ठेवून मी गल्ली ओलांडली. समोरच्या गाळ्यात पप्पा चाकावर होते, पाठमोरे, तोंडाला फडकं बांधलेलं. त्या आवाजात त्यांना मी आलेली कळली नाही. मी त्यांना हाक मारली नाही. सरळ जिना चढले.

मावशी खिडकीशी थाळ्या तपासत होत्या. खिडकीच्या कट्ट्यावर राउटर नव्हता. तिथे एक मोठा टोप उपडा घातलेला होता.

"मावशी, मशीन कुठे गेलं?"

"कुटं जातंय? हाय की. टोपाखाली."

"टोपाखाली?"

"मग? ही धूल बगतेस ना? तुजा बापूस रोज सकाली चाक चालू करायच्या आदी वर येतो, फडक्यानं पुसतो, त्याचा तो दांडा आडवा करतो आन् टोप घालतो. तू यायच्या टायमाला काडतो. तुला सोच्छ दिसावं म्हनून."

"पण मी तुम्हाला विचारलं होतं ना, काही बदललं का?"

"बदललं न्हायच ना," त्या माझ्याकडे अशा बघत राहिल्या, जसं काय मलाच काही कळत नाहीये. "पयल्या दिवसापास्नं तसंच चाललंय."

मी कट्ट्याजवळ गेले. टोपाच्या एका कडेखालून माझी वायर बाहेर आली होती, त्यामुळे तो एवढासा तिरका बसला होता. त्या फटीतूनच कधीतरी एखादं उत्तर निसटून ऑफिसात पोचत असणार. मी टोप उचलला. अँटेना आडवी निजवलेली होती. ती उभी केली. राउटरवर धुळीचा कण नव्हता. आमच्या घरातली कुठलीही वस्तू इतकी पुसलेली मी पाहिली नव्हती.

मिनिटभराने गल्लीपलीकडून क्लार्कचा आवाज आला, "अरे, आलं! आलं बघ!"

मी टोप परत घातला.

"गेलं!"

काढला. थोड्या वेळाने, "आलं!"

तीन वेळा केलं. एकदा झालं तर योगायोग असू शकतो, असं सर नेहमी सांगायचे. तिसऱ्या वेळी क्लार्क ओरडले, "कौन खेल रहा है ऊपर?" आणि मी तिथेच जमिनीवर बसले. मला हसायला येत होतं आणि रडायलाही. मला येत होतं. मी केलेलं सगळं बरोबर होतं. चॅनल बरोबर होता, नंबर बरोबर होते, पूल पहिल्या दिवसापासून उभा होता. फक्त त्याच्यावर रोज सकाळी एक टोप ठेवला जात होता. लोखंड, स्टील यांतून ही लहर पार होत नाही, हे मी परीक्षेत लिहिलेलं होतं.

मग एकदम हसू थांबलं, कारण टोप कोणी ठेवला होता ते माझ्या लक्षात आलं.

ओरडा ऐकून सेठ गल्ली ओलांडून आले होते. मागे क्लार्क. जिन्यावर पावलं वाजली. खाली मोटर थांबली आणि त्यांच्या मागून पप्पाही आले, फडकं गळ्यात सोडलेलं, भुवया काळ्या. मला तिथे बघून ते आधी घाबरले. "बाय? कॉलेज?"

"मिला क्या?" सेठनी विचारलं.

"मिळालं," मी म्हणाले. टोप माझ्या हातातच होता. पूर्ण आठवडा मी या क्षणाची वाट बघत होते. क्लार्क पप्पांच्या शेजारीच उभे होते. मी म्हणाले, "माझी चूक झाली. हे झाकायचं नसतं, ते मी सांगायला पाहिजे होतं. स्टीलच्या आत ठेवलं की बंद पडतं. मी पहिल्याच दिवशी सांगायला हवं होतं."

"पण झाकलं कोणी?" क्लार्क म्हणाले.

मावशी थाळीत बघायला लागल्या. पप्पांनी माझ्या हातातल्या टोपाकडे पाहिलं. तो त्यांनीच पॉलिश केलेला होता, खाली ठेवलेल्या मालातून निवडून आणलेला, सगळ्यात चांगला. त्यांच्या चेहऱ्यावरचं सगळं मला दिसत होतं, ती काळी धूळ असूनही.

"मी झाकलं, सेठ," ते म्हणाले. "रोज. पोरीचं मशीन खराब होऊ नये म्हणून."

खाली बाकीच्या मोटरी चालूच होत्या.

सेठनी माझ्याकडून टोप घेतला, उजेडाला धरला, त्यात स्वतःचं तोंड पाहिलं. मग हसायला लागले. आधी हळू, मग खूप. "इतकी वर्षं मी बोलतो, आपला माल पॅक आहे, काही आत जात नाही, काही बाहेर येत नाही. आज पहिल्यांदा सिद्ध झालं!" मावशी हसल्या. क्लार्क हसले नाहीत, पण म्हणाले, "म्हणजे मुलीला बघून लाजत नव्हतं." पप्पांनी फडक्याने तोंड पुसलं आणि तेही हसले. त्या जिन्याखालच्या हसण्यासारखं ते नव्हतं.

जाताना सेठ म्हणाले, "आठ दिवस असाच चालू दे. चालला तर बघू."

खाली उतरताना मी पप्पांना म्हणाले, "पप्पा, मी विचारलंच नाही तुम्हाला, सकाळी तुम्ही काय करता ते. मी नुसत्या वेळा लिहीत बसले."

"मी तरी कुठे सांगितलं?" ते म्हणाले. "मला वाटलं, यात सांगण्यासारखं काय आहे."

धूळ मात्र होतीच. राउटर उघडा ठेवला असता तर महिन्याभरात त्याचं काही खरं नव्हतं, एवढं पप्पांचं म्हणणं बरोबर होतं. दुसऱ्या दिवशी त्यांनी घरातला पाच लिटरच्या तेलाचा रिकामा प्लॅस्टिकचा कॅन घेतला, आईच्या विळीवर तो कापला, गरम सळईने बाजूंना भोकं पाडली, आत पातळ फडकं लावलं. "हे चालेल?" त्यांनी विचारलं. मी म्हणाले, बघायला लागेल. मग आम्ही दोघांनी कॅन घालून आणि काढून, घालून आणि काढून, उत्तराच्या ओळी मोजल्या. फरक पडत नव्हता. "प्लॅस्टिकला घाबरत नाही ते," पप्पा म्हणाले. मी त्यांना कारण समजावून सांगितलं. त्यांनी मन लावून ऐकलं आणि दुसऱ्या दिवशी मावशींना सांगितलं. मावशींनी ते गल्लीतल्या चहावाल्याला सांगितलं, आणि तिथून माझ्याकडे परत येईपर्यंत त्यात स्टीलचा राउटरशी काही जुना झगडा असल्याचं ऐकू आलं.

आठ दिवस नेट एकदाही गेलं नाही. मी रोज मधल्या सुट्टीत रुपया टाकायचे आणि पप्पा फोन उचलून नमस्कारही न करता म्हणायचे, "चालू आहे." नवव्या दिवशी फोन उचलला तेव्हा मागे चाकांचा आवाज नव्हता, म्हणजे होता, पण लांबचा, खालून येणारा. काच बंद असावी.

"कुठून बोलताय?"

"वरून," ते म्हणाले. आणि मग, "बाय, हे एंटर दाबलं की सगळंच जातं का गं?"

मी त्यांना सगळं जात नाही म्हणून सांगितलं. रुपयाची वेळ संपत आली होती, फोन टूं टूं करत होता, तरी ते बोलत होते. थाळी नंबर बारा कुठे टाकायची, चुकलं तर पुसायचं कसं. त्यांच्या बोलण्यात एकदाही खोकला आला नाही. एका रुपयाच्या बोलण्यात तेवढं काही कळत नसतं, हे मला ठाऊक आहे. खोकला पुढेही होताच, बरीच वर्षं, फक्त कमी होत गेला.

त्या शनिवारी मी घरी आले तेव्हा आई मोरीत कपडे भिजवत होती. एकच बादली होती. त्यात माझा ड्रेस होता, तिची साडी होती आणि पप्पांचा कामाचा शर्टही होता. मी बघत उभी राहिले. आई वर न बघता म्हणाली, "उभी काय? तुझा दुपट्टा दे, जागा आहे अजून."